माझ्या बहिणीचा राग

गावात मोबाइल नवे नवे आले होते, तेव्हाची गोष्ट. आखाडात एका सकाळी फोन वाजला. कोण, तर माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची बायको. आता हे नातं ऐकून तुम्ही घोटाळ्यात पडाल, म्हणून आधी तेच सांगते. बहीण माझी तापानं गेली. तिशीसुद्धा बघितली न्हाई तिनं. पुढं मेहुण्यानं दुसरं लग्न केलं. आमच्याकडं अशा वेळी नव्या बायकोनं पहिलीच्या नावाचा चांदीचा टाक, म्हणजे तिची छोटी प्रतिमा, गळ्यात घालायचा असतो. नवी साडी आधी टाकाला दाखवायची, मग नेसायची. आणि पहिलीचं माहेर ते हिचंही माहेर. म्हणून ती मला आक्का म्हणायची. पण आमच्या घरी यायचं म्हटलं की तिचं काहीतरी काम निघायचं.

तर फोनवर आवाज पार बसलेला. माजलगावच्या बाजारातून तिनं पोपटी साडी आणली, हौसेनं तशीच नेसली, टाकाला दाखवायची विसरली आणि दुसऱ्या दिवशी अंग तापलं. शेजारच्या म्हातारीनं लगेच निदान केलं, सवत कोपली.

"आक्का, खरं सांगा," ती म्हणाली, "त्या रागावल्या असतील का वो माझ्यावर?"

मला हसूच आलं. माझी बहीण आणि राग! तिला म्हटलं, दवाखान्यात तर जाच, सुई घे, पण आधी हे ऐक.

मी आणि बहीण, आम्ही दोघी एकदा नारायणगडाच्या यात्रेला गेलतो. कासाराकडं एक चुडा राहिलेला, तो मी भरला. झालं. बाईसाहेबांचं तोंड फुगलं. आता जन्मात बोलणार न्हाई म्हणाली. जीपमध्ये माझ्याकडं पाठ करून बसली. पण समोर एक नवरी बसलेली, आणि तिचा नवरा तिच्या पदराआड लपून उलट्या करत होता. हे बघितल्यावर हिला कुठला दम निघतोय? माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मी बोलत न्हाई तुझ्याशी, पण ऐक." गाव येईस्तोवर आम्ही पदर तोंडात कोंबून हसत होतो. तिचा राग असा. चहा निवायच्या आत संपायचा.

पलीकडं ती ऐकत होती. मग बारीक आवाजात म्हणाली, "पण नवऱ्याची गोष्ट निराळी असती, आक्का."

आई शेजारी बसून सगळं ऐकत होती. लेक गेल्यापासून तिच्या सासरचा विषय निघाला की आई उठून जायची. त्या दिवशी तिनं माझ्या हातातला फोन घेतला, उलटाच कानाला लावला आणि मोठ्यांदा म्हणाली, "पंचमीला ये."

बोलावणं आईचं म्हटल्यावर आली बिचारी. पोपटी साडीतच आली, आणि उंबऱ्यापाशी अशी उभी राहिली जशी मोजणीला आलेली सरकारी बाई. पंचमीला आमच्याकडं तवा चढत न्हाई, कणकेच्या घडीत पुरण घालून दिंडं उकडायची. ती करू लागली, तर घड्या सगळ्या उघड्या, पुरण बाहेर. मी म्हटलं, राहू दे, तू पाव्हणी, तू बस. आणि तिच्या दिंडांना तिच्यादेखत पुन्हा घड्या घातल्या.

थोड्या वेळानं बघते तर ती न्हाई. लिंबाखाली झोक्यावर बसलेली, आमच्याकडं पाठ. झोकासुद्धा घेत नव्हती. मी घाबरले. आईला म्हटलं, निघाली बहुतेक घरी.

आईनं दारातून वाकून बघितलं. किती तरी दिवसांनी तिच्या तोंडावर हसू आलं.

"निघती कशाला? रुसली ती," आई म्हणाली. "परक्याच्या घरी कुणी रुसत असतं व्हय? जा, समजूत काढ तिची."

मी गेले. ती मान वळवायला तयार न्हाई. दिंडं तुझ्यासारखीच करू म्हटलं, तरी न्हाई. शेवटी बाईसाहेब झोक्यावर जरा सरकल्या, मला बसण्यापुरत्या.