अंगठ्याचं काम

आत्यासमोर कुणाच्या अक्षराचं कौतुक केलं, की ती उठून आत निघून जायची. पाहुणे बसलेले असोत, चहा अर्धा राहिलेला असो, तिला फरक पडत नसे. एकदा आमच्या नात्यातले एक निवृत्त गुरुजी नातीची निबंधाची वही घेऊन आले. "बघा ताई, कसं मोत्यासारखं अक्षर आहे," असं म्हणून त्यांनी वही पुढे केली. आत्याने ती हातातही घेतली नाही. "मोत्यासारखं हाय, तर माळ करून घाला पोरीच्या गळ्यात. लिहिलंय काय, ते सांगा." गुरुजींना ते सांगता आलं नाही. त्यांनी निबंध वाचलाच नव्हता.

मंठ्यात तिला सगळे टायपिंगवाली आत्या म्हणत. खरं तर ती आत्या फक्त माझी, दादांची म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. नवऱ्याने दुसरा घरोबा केल्यावर ती माहेरी न येता जालन्याला गेली, एका वसतिगृहात स्वयंपाक करत टायपिंग शिकली आणि जुनी यंत्रं घेऊन मंठ्यात परतली. बसस्टँडमागच्या गल्लीतली पत्र्याची खोली हा तिचा क्लास. नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा देणारी पोरं-पोरी आसपासच्या गावांतून यायची. तिचं नाव तालुक्यात त्यांनीच नेलं.

क्लासमध्ये शिरलं की आधी शाईचा आणि लिंबाचा वास यायचा. रिबन बदलताना बोटं काळी होत, म्हणून खिडकीत कापलेली लिंबं ठेवलेली असत. शिकणाऱ्याच्या दोन्ही हातांवर ती जुन्या साडीचा तुकडा अंथरायची, अक्षरांची बटणं दिसू नयेत म्हणून. "डोळ्याचं काम कागदावर, बोटाचं काम बोटाला." आणि अंगठ्याबद्दल तिचा नियम सर्वांत कडक होता. अंगठा फक्त खालच्या लांब पट्टीवर, दोन शब्दांमध्ये जागा सोडण्यापुरता. कुणी घाईत अंगठ्याने अक्षर दाबलं, तर फडक्याखालूनही तिला ते कळायचं आणि लाकडी पट्टी थेट अंगठ्यावर बसायची.

"आत्या, अक्षर तर बराबर उमटलं की," एखादा पोरगा कुरकुरायचा.

"उमटू दे. अंगठ्याकडनं अक्षराचं काम घ्यायचं न्हाई. बिलकुल न्हाई."

पोरं याला तिची सणक समजत. मला कारण माहीत होतं, कारण ते आमच्या घरातलं होतं. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, वडीगोद्रीकडची. तिचे वडील गेल्यावर तिच्या भावांनी एक कागद आणला आणि देवीच्या जत्रेच्या वर्गणीचा आहे म्हणून तिचा अंगठा घेतला. तो कागद हक्कसोडीचा होता. माहेरच्या जमिनीतला तिचा वाटा त्या एका ठशात गेला. त्यानंतरही दर भाऊबीजेला ती त्याच भावांना ओवाळत राहिली. आत्या तेव्हा लहान होती, आईच्या मांडीला टेकून बसली होती. "शाई पुसायला मामानं मायला स्वतःचा रुमाल दिल्ता," ती सांगायची. "किती माया बघ."

अकरावीला मी तिच्याकडे राहायला आले, तेव्हा माझं अक्षर हा घरात थट्टेचा विषय होता. डावरी होते म्हणून शाळेत उजव्या हाताने लिहायला लावलं होतं आणि उजव्या हाताने ते कधीच नीट जमलं नाही. आमच्या मास्तरांनी माझी वही वर्गात फिरवून सगळ्यांना हसायला लावलं होतं. उत्तरं बरोबर होती. ती कुणी पाहिली नाहीत.

आत्याने मला कोपऱ्यातल्या यंत्रावर बसवलं. काही आठवडे बोटं दुखली. मग एक दिवस तिने माझं पान आणि दुसऱ्या एका मुलीचं पान शेजारी शेजारी धरलं.

"यातलं तुझं कोणतं?"

मी बघत राहिले. दोन्ही सारखीच होती. "ओळखू येत नाही," मी म्हणाले.

"बराबर. आता तू पोरगी, का डावखुरी, का कुणाची कोण, कायबी दिसत न्हाई. लिहिलंय काय, तेवढंच दिसतं. मंग आता चांगलं लिही."

माझ्या लिहिण्याबद्दल याहून खरं वाक्य मला पुढे कुणीही सांगितलं नाही. त्या दिवसापासून मी पेन फक्त सहीपुरतं वापरलं. आता मी जालन्यात एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. वहीत हाताने लिहिण्यातच खरा जिव्हाळा असतो, असं माझे सहकारी सांगतात. मी वाद घालत नाही. पण ज्यांची वही वर्गात फिरवली गेली नाही त्यांनाच हा जिव्हाळा परवडतो, असं मला वाटतं.

दुपारी क्लास रिकामा असला, की आत्या लोकांचे अर्ज टाईप करून द्यायची. एकदा मेंढरं राखणारी एक बाई आली. तिच्या वस्तीवरच्या बोअरचा अर्ज भाच्याने वहीच्या पानावर लिहून दिला होता आणि कचेरीत कुणी तो हातात धरला नव्हता. आत्याने तोच मजकूर, एक शब्द न बदलता, टाईप केला. दुसऱ्या दिवशी ती बाई सांगत आली, "साहेब बसा म्हणले की मला." आत्या हसली नाही. "काल का न्हाई म्हणला बसा? बाई तर कालचीच व्हती," एवढंच म्हणाली आणि दिवसभर रागात राहिली.

कॉम्प्युटर आले, परीक्षाही त्यावर गेली, तेव्हा आता म्हातारीचं दुकान बंद, असं गल्लीतले लोक म्हणाले. तिने जुनी यंत्रं काढली, वापरलेले कॉम्प्युटर आणले आणि पोरांच्या आधी स्वतः शिकली. खोडल्याचा डाग राहत नाही, याचं तिला अपार सुख होतं. "चूक केली का न्हाई, ते कागदाला कळतच न्हाई." तिला राग आला तो मोबाईलचा. बसस्टँडवर सगळी माणसं दोन अंगठ्यांनी टाईप करताना पाहून ती थांबली. "घ्या," म्हणाली, "शिकले सवरले, अन् सगळा गाव पुन्हा अंगठ्यावर आला."

मग तिला कंपवात झाला. हात थरथरू लागले आणि सर्वांत आधी गेली ती सही. कीबोर्डवर ती अजून बसू शकत होती. एक अक्षर दोनदा तीनदा उमटायचं, ती शांतपणे जादाची काढून टाकायची. पण सहीतलं जादाचं असं काढून टाकता येत नाही.

औषधांसाठी स्वतःच्या खात्यातले पैसे काढायला ती बँकेत गेली, तेव्हा मी बरोबर होते. काउंटरमागे तिच्याच क्लासमध्ये शिकलेला मुलगा साहेब होऊन बसला होता.

"सही जुळून न्हाई राह्यली, आत्या."

"मला वळखतोस का न्हाई?"

"असं कसं? तुमच्यामुळंच इथं हाये मी."

"मंग मी मीच हाय, हे तुला माहीत हाय."

"मला माहीत हाये हो. पण कागदाला पाहिजे ना." त्याने शाईचा पॅड हळूच पुढे सरकवला. "अंगठा लावा, विषय संपला. सगळेच लावतेत."

आत्याने पॅडकडे पाहिलं. "तुझ्या अंगठ्यावर पट्टी मारली व्हती, ध्यानात हाय का?"

तो हसला. "हाये की."

"हसू नको. कमी पडली."

ती तशीच परत आली. संध्याकाळपर्यंत बसून तिने बँकेला अर्ज टाईप केला. हात थरथरतो, बुद्धी थरथरत नाही, मला ओळखणारी माणसं समोर असताना अंगठा मागू नये, अशा अर्थाचा. पानात एकही चूक नव्हती. बँकेने अर्ज वाचला, चांगला आहे म्हणून सांगितलं आणि खाली सही किंवा अंगठा हवा म्हणून परत दिला.

औषधांचं दादा आणि मी मिळून बघू लागलो. दादा वैतागायचे. "लाव की एकदा. कोण बघून राह्यलंय?"

"मी बघून राह्यले ना," ती म्हणायची.

यंदा उन्हाळ्यात तिला निमोनिया झाला आणि जालन्याच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. बिल वाढत गेलं. एका दुपारी मी इंजेक्शन घेऊन वर आले, तेव्हा तो बँकेचा मुलगा जिन्यात भेटला. खास मंठ्याहून आला होता, शहाळं घेऊन. "काम झालं ताई, काळजी करू नका," असं म्हणून तो उतरून गेला. खोलीत दादा उशाशी बसले होते, आत्या औषधाच्या गुंगीत होती. तिचा डावा हात चादरीवर उताणा पडला होता आणि अंगठा शाईने निळा होता.

"तुम्ही धरला हात?" मी दादांना विचारलं.

"मंग कुणी धरायचा? तिचेच पैसे, तिच्याच औषधाला. काय चोरी केली का म्या?" ते म्हणाले. "तूच सांग, बिल कसं भरायचं व्हतं?"

त्यांनी चोरी केली नाही. आजीच्या भावांसारखा कुठला वाटाही लाटला नाही. तो मुलगाही वाईट नाही, आपला वेळ घालवून आला होता. सगळ्यांनी तिच्या भल्यासाठीच केलं. नेमका याच गोष्टीचा मला राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छा नाही. जिला काही कळत नव्हतं तिचा हात त्यांनी उचलला आणि जे ती शुद्धीत असताना कधीही देणार नव्हती, ते घेतलं. एक दिवस थांबून तिला पुन्हा विचारायला हवं होतं. ती नाहीच म्हणाली असती, आणि म्हणूनच कुणी थांबलं नाही.

त्यानंतर ती शुद्धीवर आली नाही. दोन दिवसांनी गेली.

मंठ्याला, क्लासमागच्या तिच्या खोलीत आम्ही बायकांनी तिला अंघोळ घातली. अंगठ्यावर शाई तशीच होती, रेषांमध्ये मुरलेली. रिबनी गेल्या तरी क्लासच्या खिडकीत लिंबं ठेवायची सवय तिने सोडली नव्हती; मी त्यातलं एक आणलं, कापलं आणि चोळायला बसले.

"राहू दे गं," चुलती म्हणाली. "आता काय करायचंय? जळूनच जाणार सगळं."

मी चोळत राहिले. बाहेर माणसं जमली होती. तिचे विद्यार्थी होते, बँकेतला तोही होता. ऊन चढत होतं. दादांनी दारावर थाप मारली.

"झालं का? जल्दी करा, माणसं खोळंबलीत."

"थांबा," मी म्हणाले.

"अजून काय राह्यलंय?"

मी दुसरं लिंबू कापलं. अंगठा पूर्ण स्वच्छ होईपर्यंत मी दार उघडलं नाही.