व्याह्यांची चोरीची फुलं

आपल्या घरी चोरी व्हावी म्हणून दिवसभर फाटक उघडं ठेवणारा माणूस अख्ख्या लातूर जिल्ह्यात एकच आहे, आणि तो पोलिसातून जमादार म्हणून निवृत्त झालेला आहे. तो माझा व्याही. आमची मुलगी निलंग्याला त्यांच्या घरात दिली म्हणून हे प्रकरण माझ्या वाट्याला आलं. नाहीतर लातुरात मुलींची खानावळ चालवणाऱ्या बाईला फुलांचं कौतुक करायला वेळ कुठला?

त्यांच्या अंगणात दहाची फुलं आहेत. अंगणात आहेत म्हणजे अंगण दिसत नाही, फुलंच दिसतात. वीतभरही उंच न होणारं, जाडसर पानांचं हे झाड जमिनीला धरून पसरत जातं. दहाच्या सुमाराला ऊन तापलं की उमलतं आणि दुपारी मिटतं. व्याही त्यांना 'ड्यूटीवरची माणसं' म्हणतात आणि आभाळ भरून आलेल्या दिवशी 'आज सगळे रजेवर' असं चिडून जाहीर करतात. सोयरीक बोलायला आम्ही पहिल्यांदा गेलो ते सकाळी लवकर. फुलं मिटलेली, नुसता पाला दिसत होता. मला ती घोळीची भाजी वाटली. चार शब्द बरे बोलावेत म्हणून मी म्हटलं, "घोळ लई चांगली आलीय की! डाळ घालून करता, का नुसती परतून?" माझ्या नवऱ्यानं कपाळाला हात लावला. दहा वाजेपर्यंत व्याह्यांनी ना तिथीचं बोलू दिलं, ना मानपानाचं. मग गुलाबी, पिवळी, शेंदरी फुलं भराभर उघडली आणि व्याही खुर्चीवरून उठून ओरडले, "आता बघा! ही भाजी हाय का, इहीणबाई? हाय का भाजी?" त्याच उत्साहात सोयरीक ठरली.

झाडाच्या निगराणीत त्यांचा पोलिसी आवाज अजून शाबूत आहे. कुणी तांब्या घेऊन अंगणात उतरलं की, "पाणी पाजून मारून राहिले का त्याला? ऊन द्या, ऊन!" शेंडा खुडायचा, म्हणजे बाजूनं फुटवे येतात, फांदी मातीत खोचायची, की ती आपली आपण मुळं धरते. फूल गेलं की बारकं बोंड धरतं. ते वाळलं की वरचं झाकण निघतं आणि आत काजळीसारखं काळं बी. "एवढ्याशा डबीत केवढा माल लपवलाय बघा!" म्हणत ते पाहुण्याच्या तळहातावर बी ओततात. माझ्या नवऱ्याला एकदा नेमकी तेव्हाच शिंक आली. पुढच्या वर्षी पायरीच्या फटीतून फुलं वर आली. त्यांचं नाव 'पाहुण्यांची शिंक'.

पण फांदी मागितली तर देत नाहीत. "मागून नेलेली लागत न्हाई. चोरूनच न्यावं लागतं." असं सांगून ते भिंतीकडे तोंड करतात आणि मोठ्यानं खाकरतात, म्हणजे तुम्ही चोरायचं. एका शिक्षिकाबाईंना ही खूण कळली नाही. त्यांनी खोकल्यावर अडुळसा सुचवला. मी मात्र पहिल्याच खाकरण्यात फांदी पिशवीत टाकली होती. पांढरी पाकळी, लाल कडा. हा रंग त्यांच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या विहीणबाईंनी, कंधारला असताना साहेबांच्या बंगल्यातून उचललेला. "उभ्या नोकरीत एवढी एकच चोरी डोळ्यादेखत होऊ दिली," असं ते सांगतात, आणि तेवढंच हळू आवाजात सांगतात. विहीणबाई आता नाहीत.

गेल्या पावसाळ्यात झड लागली ती हटेना. व्याह्यांचं सगळं अंगण कुजलं. ऊन पडल्यावर सांडलेल्या बियांतून बाकीचे रंग परत आले. तो एक आला नाही. मुलीचा फोन आला, "आई, इकडं बाबा नीट जेवंनात. रोज मातीच उकरून बघून राहिलेत." माझ्या गच्चीवर, पत्र्याच्या आडोशाला, तेलाच्या रिकाम्या डब्यात ते झाड जिवंत होतं. "देऊन टाक की," नवरा म्हणाला. द्यायचं कसं? दिलेलं लागत नाही ना!

व्याह्यांना जेवायला बोलावलं, गच्चीवर नेलं, पाठ फिरवली आणि घसा दुखेपर्यंत खाकरले. वळून बघते तर डबा जसाच्या तसा आणि व्याही घामाघूम.

"हात उचलंना, इहीणबाई. जल्मभर चोर धरले."

"अहो दादा, झाड तुमच्याच घरचं."

"तीच तर पंचाईत. आपलीच वस्तू माणूस चोरंल कशी?"

"मग सरळ मागा."

"मागून नेली आन् न्हाई लागली तर?" ते डब्याकडे बघत म्हणाले. "तिचं दुसरं काही जितं उरलं न्हाई."

मी वाद घातला नाही. जेवायला वाढलं आणि निघताना त्यांच्या पिशवीत धपाट्यांची पुरचुंडी ठेवली. निलंग्याला पोचल्या पोचल्या फोन.

"इहीणबाई! माझ्या पिशवीत धपाट्याखाली फांदी सापडली!"

"मग?"

"ही दिलेली धरायची का चोरलेली?"

"तुम्ही मागितली का?"

"न्हाई."

"मी हातात दिली का?"

"न्हाई."

"मालकिणीच्या हातून न घेता, न विचारता माल घरी नेलात. ही चोरीच की दादा."

पलीकडे बराच वेळ तपास चालला असावा. मग एकदम आवाज चढला, "हाव! चोरीच हाय ही! ठेवा फोन, माल वाळून राहिला!"

फांदी लागली. पान ताठ झालं, फोन. फुटवा आला, फोन. कळी दिसली तेव्हा, "उद्या फुलतंय, या!" खानावळ नवऱ्यावर टाकून मी सकाळची एसटी धरली. अंगणात उन्हातच दोन खुर्च्या मांडलेल्या. दहा वाजले, फूल उमललं, पांढरं, लाल कडेचं. आता व्याही ओरडणार म्हणून मी तयार होते. ते टोपी मांडीवर घेऊन नुसते बघत बसले.

"एकाच दिवसाचं असतं," ते म्हणाले. "दुपारी मिटलं की हे संपलं. ती मिटेपर्यंत बसायची."

माझी परतीची बस दुपारची होती. निघायची वेळ झाली तेव्हा फूल अजून पुरतं मिटलेलं नव्हतं. मी म्हटलं, पुढच्या बसनं जाईन.