जुनं दुखणं आणि नेपाळचा विमा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूध नासलं तर मी आधी भांडं हुंगते, मग म्हशीकडे बघते, मग शेजारणीकडे. "कावून?", म्हणजे "का?", हा शब्द माझ्या तोंडात सुपारीसारखा घोळत असतो, असं आमचे हे म्हणतात. हे म्हणजे माझे मालक. गावच्या दूध सोसायटीत दुधाचं माप घ्यायचे, फॅट बघायचे. बोलणं अगदी कमी. आणि कमी बोलणाऱ्या माणसाचा मला सगळ्यात जास्त संशय येतो.

आमचं गाव पालीच्या पुढचं. बीडला जाताना एसटीतून बिंदुसरेचं धरण दिसायचं आणि दुष्काळात त्याचा तळही दिसायचा. धरण उशाला अन् कोरड घशाला, अशी आमची गत. ते दिवस सरले, पाऊसपाणी बरं झालं, सोसायटीत दुधाचे कॅन पुन्हा भरायला लागले, तेव्हा चेअरमननं सभासद जोडप्यांची सहल जाहीर केली. तीही नेपाळची. मी लगेच विचारलं, कावून? निवडणूक जवळ आली असेल म्हणलं, आणि ती आलेलीच होती.

पण खरं सांगायचं तर मला जायचं होतं. लई जायचं होतं. तुळजापूरच्या पुढं मी काही बघितलेलं नव्हतं. बर्फ बघितला होता तो जत्रेतल्या गोळेवाल्याच्या गाडीवर. डोंगरच्या डोंगर बर्फाचा असतो म्हणे, तो एकदा डोळ्यांनी बघावा, एवढीच माझी हौस.

मग ती विम्याची अट आली. सहलीवर नेणारे म्हणाले, परमुलखात कुणाचं काही दुखलंखुपलं तर आम्ही जबाबदार नाही, प्रत्येकानं प्रवासाचा विमा काढायचा. आणि ज्याला जुनं दुखणं आहे त्यानं ते आधीच सांगायचं. हे ऐकून मी बर्फाच्या डोंगराची निम्मी आशा सोडली.

कारण मला जुनं दुखणं होतं. लहानपणी तापानं सांधे सुजले होते, त्या तापानं हृदयाची एक झडप खराब करून ठेवली होती. बीडच्या डॉक्टरनं ते सांगितलं तेव्हा माझ्यासोबत फक्त माझी बहीण होती. तिचं घर बीडलाच. ठरावीक दिवसांनी इंजेक्शन घ्यावं लागे. घरी मी सांगायचे, बहिणीकडं जाऊन येते. तीच एक जाणती. नवऱ्यालासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

आता कुणी म्हणेल, एवढं काय लपवायचं? घरात लग्नाची पोरगी असेल त्यानं विचारू नये. आमच्याकडं दुखणं उंबऱ्याच्या आतच ठेवतात. आईच्या काळजात खोट आहे कळलं की लोक पोरीच्या काळजातही शोधतात. माझ्या मावसबहिणीचं स्थळ तिच्या बापाच्या दम्यावरून मोडलेलं मी बघितलं होतं. आणि माझ्या पोरीचं तर वडवणीला जवळजवळ ठरत आलं होतं. मुलाकडचे चेअरमनचे पाव्हणे. सोसायटीत शिंकलं तर वडवणीत ऐकू जाईल, अशी गोष्ट.

त्यात आमच्या गावाला विमा ठाऊक होता तो फक्त जनावरांचा. चारा छावणीत गाईम्हशींचे विमे निघाले तेव्हा आम्ही सगळे त्यात पटाईत झालो होतो. डॉक्टर यायच्या आधी जनावर धुवायचं, गूळ चारायचा, शिंगांना तेल लावायचं आणि दावणीला ताठ उभं करायचं. डॉक्टर विचारायचे, "काही दुखणं?" मालक म्हणायचा, "ठणठणीत." मग कानात बिल्ला. दुखणाईत जनावराला बिल्ला मिळत नाही, हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. सगळ्या गावानं माणसांच्या विम्याचंही तेच गणित मांडलं, आणि मीही मांडलं. दुखणं सांगणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

याच सुमाराला ह्यांच्या वागण्यात काहीतरी पाणी मुरायला लागलं. जो माणूस सोसायटी सोडून कुठं जात नाही, तो काम नसताना बीडला गेला. आल्यावर विचारलं तर म्हणे, "असंच गेलतो." असंच? असंच कुणी एसटीत बसतं का? पुढच्या खेपेला मी इंजेक्शन घेऊन स्टँडकडे रिक्षानं येत होते, तर हे मला स्टँडबाहेर दिसले. एका तरुण पोरीशी बोलत उभे. बोलत म्हणजे चांगलं हात हलवून! घरी महिन्याचं बोलत नाहीत तेवढं त्या पोरीशी एका दमात बोलत होते. मी रिक्षात मान खाली घातली आणि मागच्या गाडीनं आले. घरी आल्यावर एक अक्षर काढलं नाही, पण भाजीत तिखट जास्त टाकलं.

मला दुष्काळातलंही आठवलं. टँकर यायचा तेव्हा पाण्याच्या रांगेत नुसत्या बाया. पुरुष पारावर. एक दिवस ह्यांनी माझ्या हातातला हंडा काढून घेतला, सायकलला कॅन बांधले आणि स्वतःच पाण्याला जायला लागले. गाव हसलं. "बायकोचा गडी झाला बे," असं पारावरून ओरडायचे. मी विचारलं, कावून? तर म्हणे, "सायकलवर लवकर होतंय." मला ते पटलं नव्हतं. बायांच्या रांगेत एकट्या पुरुषाला काय गोडी लागली असेल, ह्यावर मी कितीतरी रात्री कूस बदलत काढल्या होत्या.

विमावाली आली त्या दिवशी सगळ्या बाया नव्या साड्या नेसून, पावडर लावून सोसायटीत हजर. बघावं तर छावणीच आठवावी. शुगरवाल्या, बीपीवाल्या, गुडघ्यावाल्या, सगळ्या ताठ. मीही गूळ घालून चहा पिऊन गेले होते.

सोसायटीचं ऑफिस वरच्या मजल्यावर. त्या जिन्याचीच मला धास्ती होती. चार पायऱ्या चढले की धाप लागते आणि ती लपत नाही. जिन्याखाली थांबून चपलेचा अंगठा नीट करत कसं चढावं हा विचार करत होते, तर बघते काय, टेबल-खुर्ची खाली अंगणात मांडलेली. कुणी आणली विचारलं तर शिपाई म्हणाला, तुमच्याच मालकांनी. आणि खुर्चीत कोण? स्टँडवरची तीच पोरगी!

माझं डोकंच फिरलं. पण चारचौघांत काय बोलणार? रांगेत उभी राहिले. पुढच्या बाया एकेक करून म्हणत होत्या, "न्हाई बाई, मला काय धाड भरलीय?" पोरगी निमूटपणे लिहीत होती. माझा नंबर आला तशी ती उठली. म्हणाली, "काकू, तुम्ही जरा आत या."

"कावून? मलाच कावून आत?"

"या तर."

दूध मोजायच्या खोलीत कुणी नव्हतं. तिनं दार लोटलं आणि विचारलं, "काकू, काही जुनं दुखणं?"

"ठणठणीत."

ती लिहीना. हळूच म्हणाली, "हे जनावराच्या विम्यासारखं नाही काकू. दुखणं सांगितलं की डॉक्टरचा दाखला घेऊन त्या दुखण्यासकट विमा काढता येतो. हप्ता थोडा वाढतो, एवढंच. लपवलं आणि तिकडं उंचावर धाप लागली, तर विमा असून नसल्यासारखा."

धाप. तिनं धापच म्हणलं. पडसं नाही, पोटदुखी नाही.

"कुणी सांगितलं तुला?"

"काकांनी. विम्याचं विचारायला बीडला आले होते."

तेवढ्यात दार उघडून हे आत आले. मी ह्यांच्याकडं बघितलं आणि जे तोंडाला आलं ते बोलले. माझ्या पाळतीवर होतात का? बहिणीनं फोडलं का? आपल्या पोरीचं वाटोळं करायचं ठरवलंय का?

ह्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तुझ्या बहिणीनं काई सांगितलं न्हाई. टँकरवरून हंडा आणताना तू लिंबाखाली थांबायचीस. पदरात तोंड घालून दम खायचीस. मी दुधाची गाडी भरताना रोज बघायचो. मग एकदा बीडला तुझ्या मागं आलो. दवाखान्याबाहेर बसलो. तू बाहेर आलीस तवा पानटपरीच्या आड झालो."

"मग तवाच बोलला कावून न्हाई?"

"तू लपवत होतीस. म्हणलं, तुला लपवायचंय तर लपवू दे. पाणी तर मला आणता येतंय."

ती पोरगी खिडकीतून बाहेर बघायला लागली. शहाणी होती.

"अन् वडवणी?" मी कसंबसं विचारलं. "आज कळलंच समजा."

"त्यांना मी काल सांगून आलो," हे म्हणाले. "कोंबडं झाकून तांबडं फुटायचं राहतं का? पोरगी तिथं गेल्यावर कळण्यापेक्षा आताच कळू दे. स्थळं दुसरी मिळतील. ह्या घरात तू एकच हायेस."

मला ह्यांचा इतका राग आला होता, की रडूच फुटलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण ह्या माणसाच्या तोंडून असलं वाक्य मी कधी ऐकलं नव्हतं. मी डोळे पुसले आणि विमावाल्या पोरीला म्हणलं, "लिही. झडप खराब हाय. इंजेक्शन चालू हाय."

खोलीचं दार नुसतंच लोटलेलं होतं, हे आमच्या ध्यानात नव्हतं. बाहेर आलो तर अंगणात सगळं चिडीचूप. मग एक म्हातारी सभासद पुढं आली आणि पोरीला म्हणाली, "बाई, मघाशी गडबडीत राहिलं. माझी शुगर लिही." तिच्यामागं दुसरी आली. मग चेअरमनची बायको. ताकाला जाऊन भांडं लपवणारं सगळं गाव त्या दिवशी भांडं दाखवायला परत रांगेत लागलं.

वडवणीचं स्थळ मात्र मोडलं. त्यांनी कारण पत्रिकेचं दिलं, पण खरं काय ते मी ओळखलं. माझा संशय काही खोटा नव्हता. पुढं आमची पोरगी दुसऱ्या घरी दिली, तिथं पहिल्याच बैठकीत ह्यांनी माझी झडप सांगून टाकली.

डॉक्टरनं दाखला दिला, पण चढ चढायचा नाही म्हणून बजावलं. बर्फाचा डोंगर मी लिफ्टनं हॉटेलच्या गच्चीवर जाऊन बघितला. सकाळचा, लालसर. बाकीचे सगळे वरच्या देवळाला गेले होते, हे गेले नाहीत. पाय दुखतोय म्हणाले. मघाशी तर चांगले टणाटणा जिना चढले होते. मी ह्यांच्याकडं बघितलं. कावून, हे तोंडात आलं होतं, पण मी विचारलं नाही. खुर्ची जराशी त्यांच्याकडं सरकवली.