गेम लावला की बंद

कॉम्प्युटर बंद पडला की मला राग यायचा तो कॉम्प्युटरचा नव्हे, माणसांचा.

बसवकल्याणला आमची पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या मागच्या खोलीत दादाचा कॉम्प्युटर. दादा, माझा मोठा भाऊ, हैदराबादला नोकरीला गेला तेव्हा तो मागे ठेवून गेला. अप्पांना मुलगा गिरणीवर हवा होता. त्यावरून दोघांचं असं भांडण झालं की त्या दिवसापासून बापलेकात शब्द नाही. फोनवर दादा माझ्याशीही धड बोलत नाही. "बरं हाय, ठेवतो," एवढंच. पण संध्याकाळी आम्ही बहीणभाऊ आपापल्या गावात हेडफोन लावून एकच गेम खेळायला बसलो, हात त्यात गुंतले, की त्याचं तोंड सुटतं. मेसमधलं जेवण, साहेबाची कटकट, अंगावर काढलेला ताप, सगळं मला तिथंच कळतं.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर बंद पडायचा. ना काही सूचना, ना आवाज. स्क्रीन काळी आणि दादा बोलता बोलता गायब. एरवी दिवसभर चालू ठेवा, सिनेमे बघा, काही होत नव्हतं. गेम सुरू करून थोडा वेळ गेला की खेळ खलास.

अप्पांचं निदान तयारच होतं. मी गेम खेळते म्हणून मशीन जळतंय. हे ते मला सांगून थांबले असते तरी चाललं असतं, पण दळण घेऊन आलेल्या बायकांनाही सांगायचे आणि त्या माना डोलवायच्या. लग्नाच्या वयाची पोरगी पडद्यावर बंदुका चालवते, मग दुसरं काय होणार. चोर सोडून संन्याशाला फाशी.

माझा संशय पिठावर होता. आमच्या घरात पीठ कुठं जात नाही ते विचारा. मी कॅबिनेट उघडलं, पंख्यांवरचं पीठ ब्रशने झाडलं, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावली. तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. प्रोसेसर थंड, ग्राफिक्स कार्ड ठीक. तरी बंद.

मग दुकानात नेला. दुकानदाराने चालू करून एक गाणं लावलं आणि म्हणाला, चालायलंय की. गेम लावून बघा म्हटलं तर हसला. घरात गेम कोण खेळतं, विचारलं. मी, म्हटलं. त्यानंतर तो कॉम्प्युटरकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. व्होल्टेजचा दोष सांगून त्याने एक स्टॅबिलायझर गळ्यात मारला. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. त्या माणसाचा मला अजूनही संताप येतो.

स्टॅबिलायझर लावूनही बंद पडलाच, तेव्हा अप्पांनी फर्मान काढलं. येत्या अमावस्येची पूजा झाली की कॉम्प्युटर चिटगुप्प्याला आत्याकडे जाणार. तिकडे कुणी गेम खेळत नाही, म्हणजे मशीन नीट राहील. दादाचा आवाजही त्याच्याबरोबर जाणार होता, हे अप्पांना कोण सांगणार? त्यांच्यापुढे दादाचं नाव काढायची सोय नव्हती. मी भांडी आपटली. भांडी आपटून काही होत नाही हे मला माहीत आहे, तरी आपटली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी गेम चालू ठेवला आणि टेबल भिंतीपासून ओढून कॅबिनेटच्या मागे हात धरला. वरच्या कोपऱ्यात एसएमपीएस असतो, आतल्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा. त्याच्या जाळीतून गरम वारा यायला हवा. वारा नव्हताच. डबा मात्र तव्यासारखा तापला होता. मी वायर काढली आणि जाळीवर टॉर्च मारला. पंख्याच्या पात्यांत एक काडी अडकली होती. चिमट्याने ओढली. लाल बुडाची उदबत्तीची काडी. आत राखही होती.

आमच्याकडे अमावस्येला यंत्रांची पूजा होते. गिरणीच्या मोटरीला हळदकुंकू, फूल, आणि उदबत्ती खोचायला मोटरीचीच जाळी. हे काम अप्पांचं, दुसऱ्या कुणाला ते हात लावू देत नाहीत.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी काडी घेऊन तशीच गिरणीवर गेले. अप्पांनी पट्टा बंद केला, काडी हातात घेतली, उलटसुलट बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, "त्याची मशीन हाय म्हणून लावत होतो. दर अमावस्येला."

ते ऐकून मी विरघळायला हवं होतं. मी विरघळले नाही, उलट जास्तच भडकले. दळणाच्या बायका डबे घेऊन उभ्या होत्या, त्यांच्यासमोरच बोलले, "त्याच्या पेटीला हात जोडता अप्पा, मग त्याला फोन कामून करत न्हाई? तो तिथं तापात पडला होता. तुमाला ठावं तरी हाय का?"

 अप्पांनी पट्टा पुन्हा सुरू केला.

संध्याकाळी गेम लावला. पंखा फिरत होता, मागून गरम वारा येत होता. दादा त्याच्या साहेबाला शिव्या घालत होता आणि कॉम्प्युटर चालूच होता. तेवढ्यात अप्पा आत येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. अंगावर पीठ तसंच. माझा राग गेला नव्हता. मी हेडफोन काढला आणि त्यांच्या डोक्यावर बसवला.

माझा आवाज येईना म्हणून दादाने विचारलं असणार. मला त्याचं ऐकू येत नव्हतं, फक्त अप्पांचं ऐकू येत होतं.

"न्हाई," अप्पा म्हणाले. "बंद न्हाई पडलं. चालू हाय."

पडद्यावर दादाचा शिपाई पळता पळता थांबला. उघड्या मैदानात बंदूक खाली करून तसाच उभा राहिला. समोरून गोळ्या आल्या तरी तो हलला नाही.