बिनऔषधाचा डोस

आठवड्याचे सहा दिवस डोस औषधं खपवायचा, आणि सातव्या दिवशी कुणी औषधाचं नाव काढलं तर अंगावर यायचा. तो एका औषध कंपनीचा प्रतिनिधी होता. टाय लावून, काळी बॅग घेऊन परळ-लालबागच्या दवाखान्यांतून फिरायचा आणि पेशंटांच्या रांगेत बसून डॉक्टरांच्या दोन मिनिटांची वाट बघायचा. त्यावरून त्याचं नाव डोस पडलं असं बाहेरचे लोक समजत. आम्ही त्याला डोस म्हणायचो कारण तो उठसूट सगळ्यांना डोस पाजायचा. समोरचा माणूस जरा खांदे पाडून बसला की याच्या जिभेला खाज सुटलीच.

रविवारी दुपारी आम्ही चौघं त्याच्या लालबागच्या दोन खोल्यांत खेळायला जमायचो. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि मारलेला वार बसला की हुकला ते फाशांनी ठरवायचं, असा तो खेळ. परदेशात त्याची जाडजूड पुस्तकं निघतात. ती वाचून आणि वैतागून आम्ही स्वतःचाच एक मराठी खेळ रचायला घेतला होता. त्यात कोकणातले घाट होते, खाडीतले चाचे होते, आणि पक्याच्या आग्रहाखातर एक वाघ होता. गोष्ट मी सांगायचो, म्हणून नियमांच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा. वरळीचा पक्या लढवय्या. दादरची चारू चोर, एरवी ती बँकेत ऑडिटर आहे. आणि डोस होता नाईक, म्हणजे टोळीचा म्होरक्या. नाईक स्वतः फार लढत नाही, इतरांना लढवतो, आणि पडलेल्यांना पुन्हा उभं करतो.

हे उभं करणं जमावं म्हणून मी नाईकाच्या झोळीत मंतरलेला अंगारा ठेवला होता. चिमूटभर लावला की जखम भरली. अशा सगळ्या खेळांत असंच काहीतरी असतं, त्यात मला वावगं वाटलं नव्हतं. डोसने कागद वाचला आणि माझ्याकडे परत सरकवला.

“सोमवार ते शनिवार गोळ्या खपवतो. रविवारी अंगारा खपवू काय? नाय जमणार.”

“मग पडलेल्याला उठवणार कसा?”

“तोंडाने,” डोस म्हणाला.

पक्या एवढा हसला की फासे पलंगाखाली गेले. पण डोस गंभीर होता. त्याने माझ्याच पेनाने माझ्याच कागदावरचा ‘प्राण’ हा शब्द खोडला आणि वर ‘दम’ लिहिला. प्रत्येक खेळाडूचे प्राण म्हणून आम्ही एक आकडा ठेवत असू. वार बसला की तो कमी होई आणि शून्यावर आला की माणूस आडवा. डोसचं म्हणणं असं की हा आकडा रक्तमांसाचा नाहीच. “तलवार लागली म्हणजे दर वेळी हात तुटतो काय? दम जातो. आणि गेलेला दम दुसऱ्याला देता येतो.” म्हणून नाईकाच्या या कामाचं नावच त्याने ‘दम देणे’ ठेवलं.

“दम दिल्यावर माणूस पळतो रे, उठत नाही,” पक्या म्हणाला.

“उठल्याशिवाय पळेल कसा?”

आमच्या भाषेत धमकावण्याला आणि धीर देण्याला एकच शब्द का पुरतो, याचा उलगडा मला त्या दुपारी झाला.

चारू मात्र सहज सोडणारी नव्हती. हिशेबात खोट शोधणं हा तिचा पेशा. “माझ्या छातीत बाण घुसलाय. तुझ्या भाषणाने तो बाहेर येणार का?” डोस म्हणाला, “बाण आत राहू दे. आमच्या माळ्यावरचे काका सुजलेलं अपेंडिक्स घेऊन विसर्जनाच्या मिरवणुकीत शेवटपर्यंत नाचले आणि मग दवाखान्यात गेले.” पण मोडलेल्या हाडाच्या बाबतीत त्याने आपणहून माघार घेतली. “शब्दाने हाड जुळत नाय. शब्दाने माणूस हाडवैद्यापर्यंत पोचतो, बस.” म्हणून नाईकाने दम दिला की माणूस उठायचा, लंगडत मैदानाबाहेर यायचा, आणि पुढे फळ्या बांधून पडून राहायचा. हे त्याचं मला फार आवडलं, पण तसं मी त्याला सांगितलं नाही. तो आधीच पुरेसा फुगलेला होता.

त्याची एक अट मोठी जाचक होती. “मी त्याला धीर देतो” असं नुसतं म्हणून भागायचं नाही, दम खरोखरच द्यायचा, मोठ्याने, त्या माणसाला लागू पडेल असा. एकदा चारू चाच्यांच्या गलबतावर पडली. डोस म्हणाला, “चारू, तू शूर आहेस, ऊठ.” चारूने मान हलवली. दम शून्य. मग डोस म्हणाला, “राहू दे, झोप तू. कुलूप उघडायला पक्याला पाठवतो.” चारू ताडकन उठली, म्हणजे गोष्टीत नव्हे, गादीवरून उठली. वापरलेलं वाक्य पुन्हा चालत नसे, त्यामुळे डोस आठवडाभर आमचे वर्मी लागणारे मुद्दे गोळा करत फिरायचा. त्याच्याशी बोलताना आम्ही जपून असायचो.

हे वेड खेळापुरतंच राहिलं असतं तर ठीक. चारूच्या भावाच्या लग्नात, दादरच्या हॉलमध्ये, मुहूर्ताला नवरदेव खोलीबाहेर यायलाच तयार होईना. खोलीत वडीलधारी मंडळी त्याला गृहस्थाश्रमाचं महत्त्व समजावत होती आणि तो अधिकच पांढरा पडत चालला होता. डोस आत गेला, त्याच्या कानाशी काहीतरी बोलला, आणि नवरदेव स्वतःच्या पायांनी बोहल्यावर आला. काय सांगितलंस, असं मी विचारलं. “म्हटलं, बासुंदी संपत आलीय,” डोस म्हणाला.

ही विद्या त्याला कुठून मिळाली ते शोधायला लांब जायला नको होतं. ती आतल्या खोलीत बांगडे तळत बसलेली असायची. डोसची आई, म्हणजे आये, मालवणकडची. रविवारी आम्ही पोचायचो तेव्हा आमचे नाईकसाहेब, म्हणजे डोस, हमखास जेवून घोरत असायचे. आये दार उघडायची. “मेलो अजून निजान आसा. तुमी बसा,” असं आम्हांला सांगायची, आणि आत वळून आवाज चढवायची, “ऊठ मेल्या! पावणे इले हत!” की डोस उठलाच. गजराच्या घड्याळाने किंवा फोनच्या घंटीने तो उठल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

चारूने हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हादरली होती. पोटच्या पोराला मेल्या? डोसने तिलाही डोस पाजला. “अगं, ज्याला मेल्या म्हणतात तो जिवंतच असतो. मेलेल्याला कोण मेल्या म्हणतं? त्याला कैलासवासी म्हणतात.” आये आतून विचारायची, “आज खंय लढाक जातास?” आणि उत्तराची वाट न बघता ताटल्या भरायला घ्यायची.

तर नियम झकास जमला होता, पण मी त्याला कायमचा म्हणत नव्हतो. त्यात एक भोक होतं. नाईक सगळ्यांना उठवतो, पण नाईकच पडला तर? तेव्हा पळापळ होई आणि खेळ तिथेच संपे. मी म्हटलं, नाईकाला स्वतःलाही दम देता यायला हवा, निदान लढाईत एकदा. डोस या एका मुद्द्यावर हटेना. “स्वतःला कोण दम देतं रे? आरशासमोर उभं राहून?” मग दुसऱ्या कुणीतरी त्याला द्यावा, असं चारूने सुचवलं. “तुम्हांला येतो काय द्यायला?” आम्हांला येत नव्हता, हे खरंच होतं. पक्याने एकदा प्रयत्न केला तर तो शुद्ध शिवीवर घसरला आणि आयेने आतून उलथन्यासकट डोकावून पाहिलं. नियम अर्धवट आहे, असं मी म्हणायचो. अर्धवट असू दे, असं डोस म्हणायचा. या एका भोकापायी आमचा खेळ वर्षभर पुरा होत नव्हता.

त्या वर्षी गणपतीच्या थोडं आधी आये गेली. रात्री झोपली ती झोपेतच गेली. सकाळी उन्हं खोलीत आली तरी डोसला कुणी उठवलं नाही, म्हणून तो उशिरा, आपोआप जागा झाला, आणि मग त्याला कळलं.

दिवसकार्य सगळं त्याने नीट केलं. आल्यागेल्याशी बोलला. आणि ते आटोपल्यावर आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून जो आडवा झाला तो उठेचना. कामावर जाणं बंद. फोन बंद. शेजारच्या काकू डबा ठेवायच्या आणि संध्याकाळी तसाच परत न्यायच्या. कंपनीतून कुणीतरी येऊन नोकरीची भीती घालून गेलं. आम्ही रविवारी जायचो आणि फासे खिशात ठेवून परत यायचो. मला त्याची खरोखर भीती वाटायला लागली होती. घोरणारा डोस मी शेकडो वेळा पाहिला होता. हा जागा होता आणि उठत नव्हता.

अशाच एका रविवारी आम्ही तिघं त्याच्या उशाशी बसलो होतो. चारूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. “वेळ हेच औषध असतं रे,” ती म्हणाली.

“औषधाचं मला सांगू नको,” भिंतीकडून आवाज आला. तेवढंच.

पक्याने बांगडे आणले होते. त्याने डबा उघडून वास खोलीभर जाऊ दिला. काही हललं नाही. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. शेवटचा शब्द माझा ना! धीराची वाक्यं त्याच्यावर चालणार नव्हती, ती त्यानेच बाद केली होती. वर्मी लागेल असं बोलायला त्याचं एकच वर्म होतं आणि त्याला हात लावायचा धीर नव्हता. कानात आयेचा आवाज मात्र होता. मी गिरगावात वाढलेला, मालवणी कधी ओठांवर आलेली नाही. मी डोळे मिटले आणि सगळं बळ एकवटून ओरडलो,

“ऊठ रे मेलो!”

चारूने कपाळाला हात लावला. मग भिंतीकडची पाठ हलली.

“काय म्हणालास?”

“ऊठ रे... मेलो.”

डोस उठून बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, पण आवाज आमच्या जुन्या डोसचा. “मेलो नाय रे! हाक मारताना मेल्या! ऊठ मेल्या! मेलो ती तुम्हांला सांगायची, मला नाय. ‘ऊठ रे मेलो’ म्हणजे काय? तू मेलास? मग मी उठून काय करू, खांदा देऊ तुला? इतकी वर्षं बांगडे खाल्लेस तिच्या हातचे, एक शब्द धड येत नाय तुला?”

“बसला,” पक्या हळूच म्हणाला.

डोसने आधी त्याच्याकडे पाहिलं, मग स्वतःकडे, मग माझ्याकडे. आणि त्याला हसू फुटलं. हसता हसता तो रडायला लागला, आणि चारूही, आणि मीही. पक्या तेवढा बांगडे वाढत राहिला, कारण काहीतरी करायला हवं होतं.

खाऊन झाल्यावर डोसने हात धुतले. “दम किती दिलास?”

“निम्मा.”

“पुष्कळ झाला. लिही आता. नाईक पडला तर त्याला कोणीपण उठवू शकतो. फक्त चुकीचं बोलायचं. इतकं चुकीचं, की त्याला ते दुरुस्त केल्याशिवाय राहवू नये.” मी लिहिलं, आणि त्याखाली ‘कायम’ असं लिहून तारीख टाकली. आमचा खेळ त्या दुपारी पुरा झाला.

पुढे कंपनीने त्याला बढती देऊन नागपूरला पाठवलं. व्हिडिओवरून खेळून पाहिलं, पण त्याचा आवाज अडकत यायचा, आणि अडकत आलेला दम म्हणजे नुसता खोकला. नाईक आता चारू आहे. ती उठवते बरी, पण बरेचदा तिची ऑडिटची भीती वाटून आम्ही उठतो.

रविवारी सकाळी मी डोसला अजून न चुकता निरोप पाठवतो, “ऊठ रे मेलो.” लगेच दुरुस्ती येते. गेल्या रविवारी ती यायला दुपार झाली, आणि तोवर मी घरात येरझाऱ्या घालून बायकोला वैताग आणला. मग फोन वाजला. “मेलो नाय रे, मेल्या! कधी शिकणार तू?”

न शिकण्याची मी पुरेपूर काळजी घेतो.