सुभाषभाऊचे पाय आणि माझी घाई

सुभाषभाऊ आज सकाळी गेला. तीस वर्षांहून जास्त काळ तो खाटेवर होता, माझ्यामुळे.

लाइक नका करू. फक्त वाचा.

नव्वदीची सुरुवात. फैजपूरजवळच्या मळ्यात भाऊ आणि मी मजुरीवर केळीचा ट्रक भरत होतो. वरच्या थरावर पाला पसरताना भाऊचा पाय सरकला आणि तो खाली पाठीवर आपटला.

शुद्धीत होता. मलाच म्हणाला, "पाय हालून ऱ्हायले रे, घाबरू नको."

खरंच हलत होते. दोन्ही. मी पाहिलं.

मुकादम ओरडले, "त्याले उचलू नका, बाज आनतो!"

पण मला कुठला दम! मोठा शहाणा ना मी. केळीचा घड उचलतात तसा त्याला उचलला, एकाच्या मोटारसायकलवर त्याच्या-माझ्या मध्ये बसवला आणि खड्ड्याखड्ड्यांतून भुसावळ गाठलं.

दवाखान्यात उतरवला तेव्हा पाय नुसते लोंबत होते.

भाऊनं कधी चकार शब्द काढला नाही. कुणाजवळच नाही.

त्याची मीनल तेव्हा रांगत होती. आज ती लॅबमध्ये मज्जारज्जूवरच काम करते. गेल्या दिवाळीत बापाच्या खाटेशी बसून सांगत होती. म्हणे, आतल्या तंतूंवर चरबीचं आवरण असतं. मार लागला की ते फुटतं. शरीरातल्या सफाईच्या पेशी ती चरबी गिळतात, पण त्यांना ती पचत नाही. तिथेच फुगून बसतात, सूज वाढते, आणि बरं व्हायचं ते अडतं. ती चरबी त्यांना पचवता आली तर काय होईल, हे तिची टीम शोधतेय.

भाऊ खो खो हसला. "म्हंजे अपचन झालं म्हन त्यांले!"

मीही हसलो. वाटलं, सुटलो बुवा! दोष पेशींचा.

मग तिनं विचारलं, "काका, पडल्यावर बाबांचे पाय हलत होते का?"

मी भाऊकडे बघितलं.

"नाही वं," तोच म्हणाला, "पडलो तव्हाच गेले."

आणि मी लाज सोडून चहा प्यालो.

मीनल, हलत होते. मी उचलेपर्यंत हलत होते. पेशींनी नंतर काय केलं ते तुला माहीत आहे. त्याआधी मी काय केलं, ते हे.

तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून इथे लिहितोय. त्यातही भेकडपणाच.

चारला भाऊला न्यायचंय. खांदा द्यायला येऊ का, तू सांग. नको म्हणालीस तर गल्लीच्या तोंडाशी उभा राहीन.

भाऊ, माझ्यासाठी तू पोटच्या पोरीशी खोटं बोललास. माफ कर रे. जा आता सुखानं.