भिंतीवरचं अंडं

विश्रामबागेतल्या आमच्या जैन घरात अंडं येत नाही. कांदा नाही, बीटही नाही. त्यामुळे लेकीच्या शाळेनं ‘घरातल्याच पदार्थांनी ईस्टरचं अंडं रंगवून आणा’ असा निरोप धाडला आणि खाली कांद्याची सालं, बीट, हळद अशी यादी दिली, तेव्हा मला शाळेचं कौतुकच वाटलं. एका कागदात अख्खं घर बाटवायचं म्हणजे हुशारी लागते.

यादीतली हळद मात्र आमच्याकडे पोत्यांनी होती, कारण सासऱ्यांचा तोच व्यापार. पण नुसती हळद काय रंगवणार? दुसरीतली लेक ‘मी एकटीच रिकाम्या हातानं जाणार’ म्हणून सकाळपासून रडत होती. सासरे पेपरामागून म्हणाले, “अंडं उंबऱ्याच्या आत येणार नाही.”

शेवटी शेजारच्या काकूंनी त्यांच्या अंगणात तीन अंडी उकडली. दोन तडकली. उरलेलं एक आमच्या सामाईक भिंतीवर ठेवलं, कारण ती भिंत कुणाच्याच धर्मात मोडत नव्हती. लेक पलीकडे स्टुलावर चढून हळद फासू लागली. अलीकडे सासरे जास्वंदीला पाणी घालायला आले. त्या सकाळी तिसऱ्यांदा.

“एवढी फिकी? माझ्या हळदीचं नाव घालवाल. पानाचा चुना घाला थोडा, लाल होईल.”

“आवं अण्णा,” काकू म्हणाल्या, “अंड्यातलं लय कळतंय की तुमास्नी!”

“मी हळदीचं बोलतोय.”

चुना पडला आणि अंडं कुंकवासारखं लाल झालं. लेकीनं आनंदानं उडी मारली, तिचा हात लागला, अंडं आमच्या बाजूला घरंगळलं. जन्मात अंड्याला न शिवलेल्या माणसानं हातातली झारी टाकली आणि ते दोन्ही हातांनी झेललं.

सासऱ्यांनी अंडं फिरवून पाहिलं, तडा नव्हता. लेकीच्या ओंजळीत ते हळूच ठेवून ते थेट आंघोळीला गेले.

दुसऱ्या दिवशी मंदिरात त्यांचे तळवे लालच होते. आमच्या दुकानची हळद, एका आंघोळीत थोडीच जाणार! कुणीतरी विचारलंच, “अण्णा, हात कशानं रंगले?” मी मागेच उभी होते.

“नातीचं काम होतं,” ते म्हणाले, आणि तेच हात जोडून देवापुढे उभे राहिले.